खिडक्यांचं झाड आणि चंद्रीचं दावं

सोमवार, ३ नोव्हेंबर

दोन महिने म्हणाली होती. दोन! बोटं वर करून दाखवली होती माझ्या नाकासमोर. "काकी, फक्त दोन महिने. पुण्यात खोली बघते आणि झाड घेऊन जाते." एप्रिलात गेली. दिवाळी झाली, फराळाचे डबे घासून फळीवर चढले, आणि झाड आपलं तिथंच. बरं, होतं तेवढं राहिलं असतं तर मी बोललेच नसते. आज पुढची खोली झाडायला गेले तर नवीन पान छताला टेकून खाली वळलंय. ट्यूब पानांच्या आड गेली. पंखा लावायचा नाही, लावला तर खोलीभर कोशिंबीर. दार निम्मं उघडतं, उरलेल्या निम्म्यात झाड.

ही दर्शनी. कागदावर प्रियदर्शनी, राधानगरीकडची. पाच वर्षं आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं होती. दिवसा शाळेत तासावर शिकवायची आणि पहाटे चारला उठून साहेब व्हायच्या परीक्षेचा अभ्यास करायची. मी म्हशींच्या धारेला उठायचे तेव्हा तिचा दिवा लागलेला असायचा. पाच वर्षांत एक दिवस माझ्या आधी लागला नाही असं झालं नाही. तापात पण. असली पोरगी मी बघितली नाही, पण म्हणून काय झाड टाकून जायचं?

आलं तेव्हा चटणीच्या बरणीत होतं. एक दांडी, एक पान. आता निळ्या पिंपात आहे. माझ्या दीडपट उंच, पान सुपाएवढं आणि पानाला खिडक्या. खरं नाव इंग्रजी आहे, माझ्या तोंडात बसत नाही. मी खिडक्यांचं झाड म्हणते.

वही पण तिचीच. मी चौथीत शाळा सोडलेली बाई. तिनं जाताना हातात दिली. "रोज चार ओळी लिहा काकी, बोलता तशा." लिहिते. रोज जमत नाही. चार म्हशी आहेत मला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दवाखान्यातल्या दोन नर्सबाया खोली बघून गेल्या. एक डिसेंबरपासून पाहिजे म्हणाल्या. चांगल्या आहेत, चपला बाहेर काढल्या. पण झाडाकडं बघून एक म्हणाली, "हे राहणार का हो इथं?"

आमचे मालक, कृष्णात त्यांचं नाव, दारातच होते. म्हणाले, "ते भाडेकरू हाय. सात महिनं झालं, तेच ऱ्हातंय."

नर्सा हसल्या. मला राग आला. खोली सात महिने रिकामी ठेवली ती झाडामुळं. झाड हलवायला कुणी नव्हतं म्हणून. दुसरं काय कारण असणार?

मालकांच्या फोनवरून दर्शनीला निरोप टाकला: झाड ने, नाहीतर विकते. संध्याकाळी उत्तर आलं. "विकून टाका काकी. माझ्याकडं ते ठेवायला जागा नाही. पैसे तुम्हीच ठेवा."

जागा नाही म्हणे! परीक्षेचा निकाल लागल्याचं ऐकून महिना झाला. तेव्हापासून फोन उचलत नाही, लिहिते ते पण मोजून. साहेबीण झाली, दुसरं काय. तिची निवड झाली नसली तर मग कुणाची होणार? बंगला मिळाला असेल, त्यात संगमरवर असेल, पिंपाचे डाग पडतील. बरोबर आहे.

खाली अजून एक ओळ होती. "आपल्या शेजारच्या शाळेत अजून तासावर बाई घेतात का?"

मैत्रिणीसाठी विचारत असेल. मोठ्या पदावर गेलं की लोक मागं लागतात, याला लाव, त्याला लाव. मी उत्तर दिलं नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मालकांनी दुधाच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. "मोठे झाड देणे आहे. जागा अपुरी." दुपारपर्यंत दोघं आले.

पहिले हंबीरराव, मटणाचं हॉटेल आहे त्यांचं. पट्टी घेऊन आले आणि झाड मापायला लागले.

"वहिनी, काउंटरच्या बाजूला एसीखाली ठेवतो. लोकं फोटो काढतील."

"पाणी कोण घालणार?"

"वेटर घालतील की."

"आणि पानं कोण पुसणार?"

"पानं? पानं कशाला पुसायची?"

"मग प्लास्टिकचं घ्या. पाइप लावून धुता येतंय."

चहा दिला आणि वाटेला लावलं.

दुसरा कागलचा मांडववाला. त्याला झाड नकोच होतं. म्हणाला, "सुटी पानं कशी दिली?"

म्हटलं, "तुमचं कान सुटं कसं दिलं?"

त्याला चहा पण दिला नाही. मालक गोठ्यात जाऊन हसत बसले. एकतीस पानं आहेत. मी मुद्दाम मोजली नाहीत, पुसता पुसता मोजली जातात.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज एक बाई आल्या. त्रिशलाबाई. दसरा चौकाच्या मागं त्यांचा जुना बंगला आहे. कॉलेजात झाडंझुडपंच शिकवायच्या, आता घरीच असतात. आमचंच दूध जातं त्यांच्याकडं, पण मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, मालक घालतात.

आल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. आधी पान उलटं करून खालच्या बाजूनं बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून बघितलं. मग माती दाबली. मग दांड्याला हात लावून वरपर्यंत नजर नेली. माझा बाप कोडोलीहून बाजारात जायचा तेव्हा म्हैस अशी बघायचा. दाताला हात, कासेला हात, आणि तोंड बंद. ज्याला कळतं तो बडबडत नाही. मी कौतुकानं बघतच राहिले.

मग म्हणाल्या, "शालूबाई, एवढा तजेला मी बागवाल्यांकडंसुद्धा बघितला नाही. काय घालता?"

"काय न्हाय. दुधाची चरवी विसळलेलं पाणी. आठवड्याला शेण कालवलेलं पातळ पाणी. आणि पुसायला जुन्या लुगड्याचं धडपं."

"आणि बोलता?"

"कोण, मी? झाडाशी? मला येळ न्हाय बाई."

मालक मागून म्हणाले, "सकाळी शिव्या देती त्येला. अर्धा तास."

त्रिशलाबाई हसल्या. हसल्या की आवाज येत नाही त्यांचा, नुसते खांदे हलतात. म्हणाल्या, "शिव्या चालतात. आमच्या दिवाणखान्याचं छत चौदा फूट आहे. किंमत तुम्ही सांगा."

मला वाटलं जरा जास्तच सांगावी, म्हणजे जातील. म्हटलं, चार हजार.

"दिले."

आता काय करायचं? चार हजार म्हटल्यावर कुणी असं 'दिले' म्हणतं का? घासाघीस नको करायला? दिवसभर डोकं फिरलेलं. मालक म्हणाले, "किंमत मिळाली तर चिडतीस का?"

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दर्शनीला फोन केला. विकलं म्हणून सांगायला नको? तीनदा केला, चौथ्यांदा उचलला. मागं केवढा गलका. यंत्रं चालल्यासारखा खटखट आवाज आणि लोक नुसते मॅडम मॅडम करत होते. "मॅडम, माझं आधी." "मॅडम, पाठपोट दहा काढा." "मॅडम, लवकर, बस जाईल." केवढं मोठं ऑफिस असेल! कागदावर कागद. आणि सगळं तिच्या एका हातावर. ऐकून मला बरं वाटलं, पण दाखवलं नाही.

"झाड विकलं," म्हटलं. "रविवारी जातंय."

ती म्हणाली, "कुणाकडं?"

"चांगल्या घरी. चौदा फूट छत हाय."

"मग चांगलं झालं काकी. वाढेल तरी."

"व्हय. तुझ्यासारखं."

ती घाईनं म्हणाली, "काकी, गिऱ्हाईक आहे, ठेवते." आणि ठेवला.

गिऱ्हाईक! ऑफिसातल्या माणसांना गिऱ्हाईक म्हणते. माझ्याबरोबर पाच वर्षं काढली ना, माझीच भाषा चिकटली.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळचं लिहिते आधी, म्हणजे तेवढं तरी चांगलं राहील.

तालमीतले जोतीराम वस्ताद चार पैलवान घेऊन आले. पैसे घेणार नाही म्हणाले, एक चरवी धारोष्ण दूध द्या. मला धाकधूक होती. ही माणसं मातीत माणूस आपटणारी, पानाला कशी जपतील? पण वस्तादांनी आधी झाडाभोवती एक चक्कर मारली, दांडा बघितला आणि पोरांना सांगितलं, "हिला उचलायचं न्हाय. हिला चालवायचं." एकानं पिंप धरलं, दोघांनी झाडाच्या आधाराचा बांबू धरला आणि चौथा वरची पानं दोन्ही हातांनी गोळा करून मागं मागं सरकत दाराबाहेर आला, नवरीचा पदर सावरावा तसा. एक पान फाटलं नाही. एवढाले हात, पण काय हलके!

हातगाडीवर झाड उभं केलं आणि निघालो. पुढं वस्ताद, मागं मी. पानं अशी हलत होती जसे हत्तीचे कान. उत्तरेश्वर पेठेतली माणसं दारात आली. एका म्हातारीनं हात जोडले आणि विचारलं, "कुठली देवी निघाली वो?" वस्ताद म्हणाले, "शालूवहिनींची." केबलच्या तारा आल्या की पैलवान दुसऱ्या बांबूनं त्या वर उचलायचे. मी जन्मात मिरवणुकीत चालले नव्हते, आज चालले.

बंगल्यात त्रिशलाबाई नव्हत्या, बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन देवळात, गेल्या होत्या. त्यांचे मिस्टर भूपालराव होते. दिवाणखान्यात उत्तरेच्या खिडकीपाशी झाड ठेवलं. तिथं ते असं दिसलं, असं दिसलं! आमच्या खोलीत वाकलेलं होतं ते मला कधी कळलंच नव्हतं. मान सरळ झाल्यासारखं वाटलं.

मग मी दावं सोडलं. झाड बांबूला दाव्यानंच बांधलं होतं, आमच्या चंद्रीच्या. चंद्री म्हणजे माझी पहिली म्हैस. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दिलं तर घरातलं सगळंच त्याच्यामागं जातं. म्हणून दावं सोडलं, गुंडाळून पिशवीत घातलं आणि पानाला हात लावून परत फिरले. वळून बघितलं नाही. तेही बघत नाहीत आमच्यात.

आता संध्याकाळचं.

साडेपाचला फोन आला. मी धारेला बसणार होते. त्रिशलाबाई म्हणाल्या, "शालूबाई, येता का? झाड पडलंय." आवाज अगदी हळू. मालकांच्या गाडीवर बसले आणि गेले.

झाड आडवं. सगळा भार सोफ्यावर, खिडक्यांची पानं उशांवर, आणि दांडा पिंपाच्या वर हातभर अंतरावर पिळवटून फाटलेला. त्रिशलाबाई जमिनीवर बसून तो फाटलेला दांडा दोन्ही हातांनी धरून होत्या. चीक त्यांच्या मनगटापर्यंत ओघळला होता. त्या चिकानं आग होते, मला माहीत आहे.

"दोर का सोडलात?" एवढंच विचारलं.

"आमच्यात दावं देत न्हाईत बाई. जनावर दिलं तरी."

त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "पण घेणारा स्वतःचं दावं घेऊन येतो ना?"

"येतो की."

"मग मला सांगायचं. मी आणलं असतं."

बाजारातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाईला कोण सांगणार होतं? मलाच सुचायला पाहिजे होतं. मी ओरडा खायला तयार होते, त्यांनी ओरडाच दिला नाही. ते जास्त लागलं. आम्ही दोघींनी मिळून जुन्या साडीच्या पट्ट्यांनी दांडा बांधला. दिवे लागले तरी चाललं होतं.

निघताना भूपालराव फाटकापर्यंत आले. सहज म्हणाले, "आज तिचं जेवण राहिलं. सूर्य बुडाला की ती खात नाही. ताट वाढलं होतं आणि झाड पडलं."

मी मागं वळून बघितलं. त्रिशलाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या, हात धूत. आमच्या घरात एखादी बाई उपाशी राहिली असती तर चार गल्ल्यांना कळलं असतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी गेले. जाताना थालीपीठ नेलं, कांदा-लसूण न घालता. त्यांनी खाल्लं. मग आम्ही झाडाकडं वळलो.

बांधलेलं टिकणार नव्हतं. वरची पानं मान टाकायला लागली होती. त्रिशलाबाई म्हणाल्या, "कापावं लागेल. पण कुठं कापायचं ते नीट बघू."

मी दांड्यावरून बोट फिरवलं. कांड्याकांड्यावर गाठ, गाठीपाशी फुगीर डोळा. अगं बाई, म्हटलं, हा तर ऊस! कोडोलीला माहेरी मी बेणं तोडत लहानाची मोठी झाले. डोळा कुठं धरायचा, किती कांडं ठेवायचं, हे मला झोपेत विचारा. विळा मागितला. त्यांनी कात्री दिली, ती परत दिली. मालकांना घरी पाठवून विळा आणवला.

"दोन डोळ्यांची एक कांडी," मी म्हटलं. "डोळा खाली नको, बाजूला पाहिजे."

सपासप सहा कांड्या पाडल्या. त्रिशलाबाई बघत होत्या. त्यांचं तोंड उघडं राहिलं.

"शालूबाई, मी तीस वर्षं मुलांना हे शिकवलं. एवढ्या सफाईनं कुणी केलं नाही."

"माहेरी ऊसच तोडला. हे त्याच्यातलंच."

"फक्त कापलेलं तोंड वाळू दे आधी. लगेच मातीत नको. उसात चालतं, ह्याला चालत नाही."

ते मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं तसं केलं. त्यांना माझं कळत होतं, मला त्यांचं. असं काम करायला मजा आली, खोटं कशाला बोलू.

पिंपातल्या खोडाला तीन पानं राहिली आहेत, तिथून नवीन फुटेल म्हणाल्या. मी चार हजार परत द्यायला नेले होते. घेतले नाहीत. "मी एक झाड घेतलं होतं. माझ्याकडं आता सात आहेत. उलट तुम्हीच न्या." आणि शेंड्याची कांडी, एक पान असलेली, माझ्या हातात दिली. "ही तुमच्या मुलीसाठी."

"मुलगी न्हाय. भाडेकरू होती."

"बरं," म्हणाल्या. खांदे हलत होते.

घरी आणून तोंड वाळवलं. दुपारी पाण्यात ठेवली. बरणी चटणीचीच. दुसरी मोकळी नव्हती.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पडलेल्या झाडाचा फोटो मालकांनी दर्शनीला पाठवला. मला न विचारता. तिचा लगेच फोन. सात महिन्यांत आपणहून पहिलाच. आणि रडते! हमसून हमसून. मी म्हटलं, अगं, झाड हाय, माणूस न्हाय. कांड्या लावल्यात. येईल फुटून.

"काकी, मी हात लावते ते सगळं पडतंय."

"तू कुठं हात लावलास? मी दावं सोडलं. माझी चूक हाय. उगंच माझी चूक तू घेऊ नको."

तर जास्तच रडायला लागली. झाडासाठी एवढं? मग बंगल्यात जागा का नाही म्हणाली? एवढं शिकलेल्या माणसांचं मला कळत नाही. मी तिला विचारलं, जेवलीस का. नाही म्हणाली. दुपारचे चार वाजले होते. केवढं काम करून घेतात.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज दर्शनीचे वडील आले, आकारामदादा. डोक्याला टॉवेल बांधलेला, हातात भाताची पिशवी. घरचा इंद्रायणी आणला होता. पुढच्या खोलीत दर्शनीची पुस्तकांची ट्रंक आहे, ती न्यायला आलो म्हणाले.

मी जरा टोमणा मारला. "का वो पावणं, साहेबीणबाईंनी गाडी न्हाय पाठवली ट्रंक न्यायला?"

त्यांनी दुधाचा पेला खाली ठेवला.

"कसली साहेबीण वो ताई. तिसऱ्यांदा गेलं. चार मार्कानं."

मी भरल्या पेल्यात परत दूध ओतलं.

"पुण्यात झेरॉक्सच्या दुकानात कामाला हाय. दिवाळीला बी आली न्हाय, तोंड दाखवायला लाजतीया. आता म्हणतीया, पुस्तकं रद्दीला घाला. तिची आई म्हणती, एक स्थळ आलंय, ह्या फाल्गुनात उरकून टाकू. ती व्हय बी म्हणंना, न्हाय बी म्हणंना. नुसतं 'बघते' म्हणती."

पाठपोट दहा. मॅडम, लवकर. आत्ता कळलं मला. मी काय काय समजून बसले होते, इथंच लिहिलंय मागच्या पानांवर. वाचून दाखवायची सोय नाही कुणाला.

आकारामदादा उठले. "ट्रंक दावा तेवढी. तीनच्या यष्टीनं जातो."

माझ्या तोंडातून निघालं, "चावी न्हाय."

"ट्रंकंला कुलूप न्हाय वो."

"खोलीची. खोलीची चावी न्हाय. हरवली."

चावी त्यांच्या डोक्याच्या वर खुंटीला होती, चंद्रीच्या दाव्याशेजारी. लाल दोरा लावलेली. मालकांनी खुंटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पायातल्या चपलेकडं बघत बसले. चाळीस वर्षांत एवढं शहाणपण कधी दाखवलं नव्हतं.

आकारामदादा रिकाम्या हातानं गेले. मी त्यांना खरवस बांधून दिला. वाईट माणूस नाही. मी खोटं का बोलले मला सांगता येत नाही. ट्रंक माझी नाही. दुसऱ्याची वस्तू मी कधी ठेवून घेतली नाही आजपर्यंत.

सोमवार, १ डिसेंबर

नर्सबाया सामान घेऊन यायच्या म्हणत होत्या. चार दिवसांपूर्वीच त्यांना नाही म्हणून सांगितलं. खोलीला ओल आहे म्हटलं. मालक म्हणाले, "आता झाड बी न्हाय. आता काय कारण सांगणार?" म्हटलं, सांगितलं की, ओल. "कुठं हाय ओल?" बरणीत, म्हटलं. ते गोठ्यात गेले.

शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापिका संयोगिताबाई माझंच दूध घेतात. म्हटलं, तासावर बाई लागती का? म्हणाल्या, "प्रियदर्शनी असेल तर कधीही लागते. ती गेल्यापासून सातवीची मुलं गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघतात. जानेवारीपासून जागा आहे. पण सोमवारी यादी पाठवायची आहे, त्याच्या आत नाव पाहिजे." सोमवार म्हणजे आठ तारीख.

बुधवार, ३ डिसेंबर

आज सकाळी बरणी धुवायला घेतली तर कांडीला मुळी फुटलेली. पांढरी, बोटाच्या पेराएवढी. मी मालकांना हाक मारली, गोठ्यातून धावत आले, त्यांना वाटलं म्हैस व्यायली. त्रिशलाबाईंना फोन केला. त्यांच्याकडं पाच कांड्यांपैकी तिघींचे डोळे फुगलेत, मुळी अजून नाही, आणि पिंपातल्या खोडाला कोंब आलाय. एवढा मोठा बंगला, चौदा फूट छत, पण पहिली मुळी माझ्या बरणीत आली. हे मी त्यांना बोलले नाही. त्याच म्हणाल्या.

आता खालचं लिहिते ते मालक फोटो काढून पाठवणार आहेत. म्हणून अक्षर नीट काढते.

दर्शनी,

मी दोनदा लिहीत नाही, तेव्हा नीट वाच.

तू साहेब झालीस असं मी धरून बसले होते. चुकलं माझं. पण तू नापास झालीस म्हणून पहाटे चारला लागलेला तुझा दिवा खोटा होत नाही. पाच वर्षं बघितलाय मी. मला जोडाक्षर येत नव्हतं, तू दमून यायचीस आणि चुलीपुढं बसून काढून घ्यायचीस. आज ही सगळी पानं मी लिहिलीत. हा तुझा निकाल नाही तर कुणाचा? झेरॉक्सच्या दुकानात काम करायला लाज कसली. लाज दिवाळीला न येण्याची.

शाळेत जानेवारीपासून जागा आहे. संयोगिताबाईंना विचारलंय. परत परीक्षेला बसायचं का नाही, स्थळाला हो म्हणायचं का नाही, ते तुझं तू बघ. त्यात मी बोलणार नाही. म्हणजे बोलणार, पण तू इथं आल्यावर.

ट्रंक मी तुझ्या वडलांना दिलेली नाही. रद्दीला पण देणार नाही. पाहिजे असेल तर स्वतः येऊन ने.

झाड गेलं, चांगल्या घरी गेलं. पण शेंडा माझ्याकडं आहे, बरणीत, तू आणलीस तशीच एक दांडी, एक पान. मुळी धरलीय. आता मातीत घालायची वेळ झाली. कुंडी आणायची ती लहान आणू का मोठी, हे मला कळत नाही, कारण कांडी इथं राहणार का तू नेणार हे कळत नाही. खोली रिकामी आहे. चंद्रीचं दावं खुंटीला आहे, चावी पण तिथंच.

येत्या रविवारी, सात तारखेला, संध्याकाळच्या धारेच्या आत मला उत्तर पाहिजे. येते किंवा येत नाही. 'बघते काकी' लिहिलंस तर मी ते उत्तर धरणार नाही, आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं पुण्याला येईन, दुकानात, सगळ्या गिऱ्हाइकांपुढं विचारीन.

शालूकाकी